वरचा सांधा, खालचा सांधा

माझे सासरे चौतीस वर्षं सरकारी हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये कामाला होते. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर हाड जागेवर बसवायचे आणि हात धुवायला निघून जायचे, मग तो मोडका हात किंवा पाय सासऱ्यांच्या ताब्यात यायचा. आधी कापूस गुंडाळायचा, मग पट्ट्या कोमट पाण्यात बुडवायच्या, बुडबुडे थांबले की पिळायच्या, आणि गुंडाळून झाल्या की तळहाताने गुळगुळीत करायच्या. बोटांनी दाबायचं नाही, बोटाचा खळगा आत टोचत राहतो. हे सगळं मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. मी विचारलं नव्हतं.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी आमच्या भागात त्यांना अजून प्लास्टरकाकाच म्हणतात. जित्याची खोड म्हणतात ती ही. आमच्या घरात मोडलेली वस्तू टाकून देत नाहीत, तिच्यावर उपचार होतात. जेवणाच्या टेबलाच्या एका खुर्चीच्या पायाला दोन्ही बाजूंनी फळ्या बांधलेल्या आहेत. छत्रीच्या मोडक्या काडीला स्टीलच्या चमच्याचा दांडा जोडला आहे. प्रत्येक उपचाराची तारीख त्या वस्तूवर लिहिलेली असते, कारण प्लास्टरवर तारीख लिहायची त्यांची सवय. एकदा न्हाणीघरातला नळ ठिबकत होता, तर त्याला असा काही आवळला की तो उघडेचना. ठिबकणं थांबलं, हे मात्र मान्य करायला हवं.

त्यांचा एक नियम आहे. दुसरी माणसं बसता-उठता देवाचं नाव घेतात तसा ते तो नियम म्हणतात. "मोडलंय तिथे नंतर बघा. आधी वरचा सांधा धरा, मग खालचा सांधा धरा. दोन्ही हलायचे थांबले की मधलं आपोआप जुळतं."

मी एका विमा कंपनीत फोनवर तक्रारी ऐकते. दिवसभर परक्यांना "गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हटल्यावर संध्याकाळी घरच्यांसाठी क्षमा फारशी शिल्लक राहत नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यामुळे बाबांच्या या नियमावर मी पुष्कळदा फटकन बोलले आहे. त्यांनी मनावर घेतलं नाही. चौतीस वर्षं कण्हणारी माणसं हाताळलेल्या माणसाला सुनेच्या बोलण्याचं काय?

बाबांची गाडी सव्वीस वर्षांची आहे. एके काळी ती हिरवी होती, आता नेमका कोणता रंग आहे ते सांगता येणार नाही. ही गाडी काढून टाका म्हणून माझा नवरा तीन वर्षं मागे लागला होता, आणि खरं सांगायचं तर मी नवऱ्याच्या बाजूने होते. अंगणात जागा अडते, दर महिन्याला काहीतरी दुखणं निघतं, आणि बाबा तिच्याखाली शिरले की तासभर बाहेर येत नाहीत. पण गाडी निघत नव्हती त्याला कारण होतं, आणि ते कारण आमच्या घरात रोज खुर्चीवर बसलेलं असे. ते कारण म्हणजे माझ्या सासूबाई.

चार वर्षांपूर्वी आईंना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. वाचा पाच-सहा महिन्यांनी परत आली, ती चांगली व्याजासकट आली. पाय थोडा सुधारला, चार पावलं काठीने टाकतात. डावा हात मात्र कोपरात दुमडलेला, छातीशी धरलेला, तसाच राहिला. खांद्यातून तो वर होत नाही. ब्लाउज घालताना मीच मदत करते, तेव्हा तो किती कडक झाला आहे ते मला चांगलं ठाऊक आहे.

माझ्या नवऱ्याची गाडी नवी आणि उंच आहे. तिच्यात आईंना बसवायचं तर दोघांनी उचलावं लागतं. भाड्याच्या गाड्याही तशाच, वर ड्रायव्हरला घाई. आईंनी दोनदा उचलून घेतलं आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मला पोत्यासारखी उचलणार असाल तर मी घरीच बरी." बाबांची जुनी गाडी मात्र खुर्चीच्या उंचीची. दार पार शेवटपर्यंत उघडतं. आई पाठ करून बसतात, उजवा पाय आत घेतात, मग उजव्या हाताने डावा पाय उचलून आत ठेवतात, आणि कोणाकडेही न बघता म्हणतात, "चला." जगात एवढी एकच गाडी आहे जिच्यात त्या आपल्या आपण बसू शकतात.

दर बुधवारी बाबा त्यांना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे नेतात. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे. मावशींना नीट दिसत नाही, आईंना नीट चालता येत नाही. दोघी दिवसभर पत्ते खेळतात, एकमेकींवर लबाडीचा आरोप करतात आणि संध्याकाळी भांडूनच निरोप घेतात. बुधवारी रात्री आई दोन घास जास्त जेवतात. गुरुवारी सकाळी मला मावशींच्या सगळ्या चुका सविस्तर सांगतात. गाडी गेली की हा बुधवार जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

आमच्याकडे जुन्या गाड्यांचं दर वर्षी पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, करावं लागतं. या वर्षी पासिंगची तारीख बुधवारचीच आली होती, सकाळी नऊची. महिनाभर आधी नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर विषय काढला. "बाबा, या वर्षी एका झटक्यात पास झाली तर ठीक. नापास झाली तर परत परत खर्च नाही, सरळ भंगारात. कबूल?"

"कबूल," बाबा म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. आई जेवायच्या थांबल्या होत्या.

पासिंगच्या आधीच्या शनिवारी सकाळी बाबा गाडी बाहेर काढत होते. अंगणाच्या तोंडाशी सिमेंटचा उतार आहे. तिथे गाडीच्या पोटाखालून खर्रर्र आवाज आला. मी खिडकीतून बघत होते. बाबा उतरले, गुडघ्यांवर बसले, गाल जमिनीला टेकवून आत बघितलं आणि बराच वेळ तसेच राहिले.

धूर मागे नेणारा जो लांब पाइप असतो, ज्याला आपण सगळे सरसकट सायलेन्सर म्हणतो, तो मागच्या बाजूने वीतभर खाली लोंबत होता.

आमच्या कोपऱ्यावर एक मेकॅनिक आहे. बाबा चालत त्याच्याकडे गेले, मीही गेले, कारण मला दूध आणायचंच होतं. गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं आणि मेकॅनिक स्टुलावर बसला होता, उजव्या हाताला बोटांच्या मुळापासून कोपराखालपर्यंत प्लास्टर. स्वतःच सांडलेल्या तेलावरून घसरला होता. बाबा गाडीचं विसरलेच. त्याचा हात त्यांनी ओढूनच घेतला.

"हे घातलं कोणी?"

"हॉस्पिटलातच, काका. एक नवीन मुलगी होती."

"अंगठा बरा मोकळा ठेवलाय. कड मात्र नीट दुमडली नाही, टोचेल." मग ते त्याच्या बोटांकडे बघून म्हणाले, "बोटं हलव. आत्ता हलव. अशी नाही, पूर्ण मूठ. उघड, मीट. दर तासाला. कोपर वर कर, खांदा फिरव. मोडलंय तेवढंच धरायचं, बाकीचं हलतं ठेवायचं. नाहीतर प्लास्टर निघेल आणि हात निघायचा नाही."

मेकॅनिक शाळेतल्या कवायतीसारखा खांदा फिरवत बसला. फिरवता फिरवता त्याने पाइपचं ऐकून घेतलं. "रबरं तुटली असणार. पाइप रबरांना टांगलेला असतो. दोन रबरं बदलायची, अर्ध्या तासाचं काम. पण मला अजून तीन आठवडे हात नाही." दुसरं गॅरेज होतं, तिथे फोन केला तर त्यांनी दहा दिवसांनंतरची वेळ दिली. मेकॅनिकने डाव्या हाताने ड्रॉवर उघडून दोन जाड काळी रबरं काढली. "ही घेऊन जा, काका. घरीच लावा. तुम्हाला जमेल."

बाबांनी ती रबरं हातात घेतली, ताणून बघितली आणि परत दिली. "जे तुटलं तेच परत लावायचं? रबरावर कुठे एवढं वजन टांगतात?" ते म्हणाले. "राहू दे. मी बघतो."

रविवारी सकाळी आठ वाजता शस्त्रक्रिया सुरू झाली. नवऱ्याने दारात चहा पीत उभं राहून विचारलं, "नातेवाईकांच्या सह्या घ्यायच्या का?" त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. बाबांनी पुढच्या चाकांपुढे आणि मागे लाकडी ठोकळे लावले, मागून जॅकने गाडी उचलली, मग दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या ठेवून तिला त्यांवर टेकवलं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, याबाबत ते फार कडक आहेत. दोन्ही हातांनी गाडी जोरात हलवून बघितली. मग जुनं रेक्झिन अंथरून पाठीवर झोपले आणि सरपटत आत गेले. बाहेर फक्त दोन चपला दिसत होत्या. मला टॉर्च धरायला बसवलं होतं. आई व्हरांड्यात खुर्चीवर होत्या आणि दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "काय म्हणतात?"

"आधी पाइपला बोटाने टकटक करून विचारतायत, इथे दुखतंय का," मी सांगितलं. थट्टा नव्हती, ते खरोखरच तसं करत होते.

टांगायच्या दोन जागा होत्या. एका जागचं रबर तुटून पडलं होतं, दुसऱ्याचं लांबून शेवईसारखं झालं होतं. शिवाय पाइपवरच्या आवाज दाबणाऱ्या डब्याजवळच्या जोडावर काजळीचा डाग होता, म्हणजे तिथून धूर गळत होता. गंजलेल्या बोल्टवर तेल मारून बाबा अर्धा तास थांबले. त्या अर्ध्या तासात ते माळ्यावर गेले आणि जुन्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्या घेऊन आले. त्या करवतीने कापल्या, भोकं पाडली, वाकवल्या. रबरांच्या जागी एक पट्टी पुढे आणि एक मागे, नट-बोल्टने पाइप गाडीच्या पोटाला घट्ट आवळून टाकला.

"वरचा सांधा," आतून आवाज आला. थोड्या वेळाने, "खालचा सांधा."

गळणाऱ्या जोडासाठी दुकानात एक बँडेज मिळतं, पाण्यात भिजवून गुंडाळायचं, पाइप तापला की ते दगडासारखं होतं. ते हातात आल्यावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, गाडीखालीसुद्धा मला दिसला. वळसा घालताना अर्धा वळसा मागच्यावर येईल असा घालत होते, आणि शेवटी तळहाताने गुळगुळीत केलं. मग खिळ्याने पट्टीवर तारीख कोरली. बाहेर आले, उठले, कंबर धरून उभे राहिले, आणि वाकून पाइप धरून हलवला. सगळी गाडी हलली, पाइप हलला नाही.

"बघ," ते म्हणाले.

मला कौतुक वाटलं, हेही सांगते. एकाहत्तराव्या वर्षी माणसाने असं काम करावं आणि ते बायकोच्या बुधवारासाठी करावं, याचं कोणालाही वाटलं असतं.

सोमवारी संध्याकाळी आम्ही तिघं एक चक्कर मारून आलो. आई पुढे, मी मागे. गाडी निघाली तशी पायाखालची जमीन गुणगुणायला लागली. वेग वाढला तसं गुणगुणणं वाढलं, दाराच्या खिशातली चाव्यांची रिंग वाजायला लागली, आणि आरसा इतका थरथरत होता की मागे येणारी एक गाडी दोन दिसत होती.

"काहीतरी थरथरतंय," आई म्हणाल्या.

"नवीन काम आहे. बसेल दोन दिवसांत."

"माझ्या तळपायाला कळतंय. उजव्या. हे बसणारं नाही."

"अगं, घट्ट आहे म्हणून तसं वाटतं."

"तुम्हाला सांगून उपयोग नाही," आई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी मध्ये पडले नाही. नवरा-बायकोच्या बोलण्यात मध्ये पडायचं नाही हे मी तक्रारींच्या नोकरीत शिकले आहे, फोनवर दोघंही एकदम बोलायला लागली की मी गप्प बसते.

मंगळवारी सकाळी बाबा चाकांत हवा भरायला गेले. येतानाचा आवाज आम्हाला गल्लीच्या तोंडापासूनच आला. कोणी ट्रॅक्टर आणला की काय म्हणून समोरच्या घरातल्या बाई बाल्कनीत आल्या. गाडी अंगणात येऊन थांबली, बंद झाली, तरी बाबा उतरेनात. मी दार उघडलं. ते स्टिअरिंग धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पासिंग होतं.

मीच जाऊन मेकॅनिकला घेऊन आले. हाताला प्लास्टर असलं तरी त्याच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. तो उकिडवा बसला, डाव्या हाताने टॉर्च घेतली आणि आत बघितलं. पुढच्या पट्टीच्या वीतभर अलीकडे पाइपला चीर गेली होती, अर्ध्या घेराएवढी. पट्ट्या आणि बँडेज जसेच्या तसे होते. मेकॅनिकला हसू आलं, पण बाबांकडे बघून त्याने ते आवरलं.

"काका, काम पक्कं केलंय तुम्ही. फारच पक्कं केलंय. अहो, इंजिन रबरावर बसवलेलं असतं, ते हलतं. पाइप त्याच इंजिनाला जोडलाय, म्हणजे तोही हलणार. तापला की लांबतोही. म्हणून तर त्याला रबरांवर टांगतात. तुम्ही त्याला दोन्हीकडून धरून ठेवलंत. मग त्याने जायचं कुठे? तुटला."

बाबा वाकून ती चीर बघायला लागले.

"परवा तुम्हीच नाही का मला सांगितलंत," मेकॅनिक म्हणाला आणि प्लास्टरमधली बोटं उघडमीट करून दाखवली, "मोडलंय तेवढंच धरायचं, बाकीचं हलतं ठेवायचं म्हणून."

त्याच्या मनात काही नव्हतं, तो सहज बोलला. पण बाबांनी व्हरांड्याकडे बघितलं. आई तिथे बसल्या होत्या, डावा हात नेहमीसारखा छातीशी. आणि मला एकदम चार वर्षांपूर्वीचे ते दिवस आठवले, ज्यांचा विषय आम्ही कोणीच कधी काढत नाही.

आईंना हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा डावा हात लुळा होता, खांद्यातून निसटायला बघत होता. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी हाताला झोळी दिली आणि बजावून सांगितलं, उठता-बसताना घाला, एरवी काढा, दिवसातून चार वेळा हात हळूहळू सगळीकडे फिरवा. पण बाबांनी झोळी काढलीच नाही. वर आणखी एक रुंद पट्टा घेऊन हात अंगाशी बांधला. बाई आल्या की सोडायचे, गेल्या की बांधायचे. सुंदर बांधायचे, एक सुरकुती नाही. हात हलवला की आईंचा चेहरा पिळवटायचा, आणि ते बाबांना बघवायचं नाही. हजारो परक्यांना "हलव, रडलास तरी हलव" म्हणणारा हा माणूस. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी बघितलं तेव्हा खांदा आखडून धरला होता. डॉक्टर म्हणाले, आजारच तसा असतो. आम्ही सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं. बाबांनी मान्य केलं की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"रबरं दे," बाबा मेकॅनिकला म्हणाले.

तो दिवसभर ते गाडीखाली होते. पलंगाच्या पट्ट्या काढून बाहेर फेकल्या. त्यांच्या जागी रबरं घातली. चीर गेली होती तिथे मेकॅनिकने दिलेला जरा मोठ्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा वरून चढवला, आत सांधायचा लेप भरला आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळले. मेकॅनिक स्टुलावर बसून सांगत होता आणि ते मुकाट्याने ऐकत होते, हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. जेवायला बोलावलं तर नको म्हणाले. संध्याकाळी बाहेर आले, वाकून पाइपला हात लावला. तो दोन बोटं इकडे झुलला, दोन बोटं तिकडे. ते तसेच बघत राहिले. तारीख कोरली नाही.

नवरा कामावरून आला तेव्हा मी त्याला सांगितलं, "उद्या नापास झाली तरी भंगाराचं नाव काढलंस तर बघ."

"तू माझ्या बाजूला होतीस ना?" तो म्हणाला.

"होते," मी म्हटलं.

बुधवारी मी रजा घेतली. तपासणी केंद्रातल्या लांब शेडमध्ये गाड्यांची रांग होती. आई गाडीतून उतरायला तयार नव्हत्या, मग तपासनीसाने त्यांना गाडीतच राहू दिलं आणि गाडी खालून बघायच्या खड्ड्यावर घेतली. तो खड्ड्यात उतरला. ब्रेक, दिवे, धूर, सगळं झालं. मग खालून आवाज आला, "सायलेन्सरचं काम केलंय?"

"हो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखूच आला नाही.

तपासनीसाने पाइप हाताने धरून हलवला असावा, कारण खालून हलकीशी धडधड ऐकू आली. "झुलतोय," तो म्हणाला. मग तो वर आला, कापडाला हात पुसले आणि कागदावर खूण केली. "बरोबर आहे. लोक तारेने आवळून आणतात आणि मग इथे भांडतात. पुढच्या वर्षी हिचे टायर बघून घ्या."

शिक्का बसला. मी नवऱ्याला फोन केला. "झाली पास." तो म्हणाला, "बरं झालं." मनापासून म्हणाला, आवाजावरून कळतं.

तिथून थेट मावशींकडे निघालो. गाडी इतकी शांत होती की मला आईंच्या काठीचं टोक दाराला लागलेलं ऐकू येत होतं. मला वाटलं, आता बाबा काहीतरी बढाई मारतील, पण ते नुसती गाडी चालवत होते. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना मोकळी जमीन लागली, तेव्हा त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं? परत तुटलं का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते आणि ते समोर बघत होते. "तुझा हात," ते आईंना म्हणाले, "तुझा हात आजाराने गेला नाही. मी बांधून ठेवला म्हणून गेला. ती बाई रोज सांगत होती. मला येत होतं सगळं. तुझं तोंड बघवायचं नाही मला, म्हणून मी तो बांधायचो."

मी मागच्या सीटवर होते. दार उघडून उतरून जावंसं वाटत होतं आणि हलताही येत नव्हतं.

आई सावकाश त्यांच्याकडे वळल्या. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? हात माझा आहे. तुम्ही पट्टा घ्यायचात ना हातात, तेव्हा मी रडायचे. तुम्हाला वाटायचं, दुखतंय. तुम्ही आणखी घट्ट बांधायचात. मी सोडा म्हणून रडत होते. बोलता येत नव्हतं."

बाबांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. त्यांचे खांदे हलत होते. बावीस वर्षं मी या घरात आहे, या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. एक ट्रक आमच्या बाजूने गेला आणि गाडी थोडी डोलली.

"मग बोलता यायला लागल्यावर का नाही बोललीस?" त्यांनी डोकं वर करून विचारलं.

"तोवर हात धरला होता. बोलून मोकळा होणार होता का? आणि रागावले होते मी. चांगली दोन वर्षं रागावले होते. तुमच्या लक्षात आलं नाही, त्याला मी काय करू?"

"आणि आता?"

आईंनी उजव्या हाताने त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. तो वाकडाच बसला.

"आता मला बोलता येतं," त्या म्हणाल्या. "सोमवारी सांगत होते थरथरतंय, तेव्हाही तुम्ही ऐकलं नाहीत. आता मी सांगेन ते ऐकायचं."

बाबांनी मान हलवली. चष्मा त्यांनी सरळ केला नाही, तसाच ठेवून गाडी सुरू केली.